चौदा नंबरचं प्रश्नचिन्ह

माझ्या ड्रॉवरमध्ये एक कागद आहे. साधा ए-फोर, चौघडी घातलेला, एका कोपऱ्यावर बीटाडीनचा डाग. रुग्णांच्या नावांची पट्टी मी कात्रीने कापून टाकली, बाकीचा जपून ठेवला. एक ते एकतीस खाटा आणि प्रत्येक खाटेपुढे बारीक, सुवाच्य अक्षरात आजार, सलाईन, इंजेक्शनं. कुठल्याही ट्यूटर मॅडमनी दहापैकी दहा द्यावेत असं अक्षर. चौदा नंबरपुढे लिहिलंय : ‘शुगर, न्यूमोनिया, किडनी. इन्सुलिन 10. जेवण?’

ते प्रश्नचिन्ह रात्री पावणेनऊला लिहिलं गेलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरचे बाबा घामाने निथळत होते, असंबद्ध बोलत होते, आणि ग्लुकोमीटरवर शुगरचा आकडा होता 38, म्हणजे धोका वाटावा इतका खाली.

मी त्या वॉर्डची परिसेविका, म्हणजे इनचार्ज सिस्टर. पुरुष मेडिसिन वॉर्ड, सरकारी रुग्णालय, जिल्ह्याचं ठिकाण. याहून जास्त ओळख देत नाही. बाबांना पुढे काही इजा झाली नाही, आठव्या दिवशी ते चालत घरी गेले, हे आधीच सांगून टाकते. त्या रात्री ड्युटीवर असलेली मुलगी निष्काळजी असती तर मी हे लिहायलाही बसले नसते, मेमो देऊन मोकळी झाले असते. पण ती आमच्याकडे आलेल्या नव्या मुलींमध्ये सगळ्यात नीटनेटकी. पंधरा मिनिटं आधी येणारी, खिशात दोन पेनं, कात्री, प्लास्टर, सेकंदकाट्याचं घड्याळ असं सगळं जागच्या जागी. एवढी तयारी असून ती नेमकी कुठे कमी पडली आणि एका ठिकाणी तर अंगावर कशी उलटली, हे शोधायला मला तीन दिवस लागले.

नववा दिवस

बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, आणि रुजू होऊन आठ दिवस. नवव्या दिवशी मी तिला नाइट लावली. कागदोपत्री नव्या मुलीला पंधरा दिवस ओरिएंटेशन असतं. पण दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एक ट्रेनिंगला, आणि ड्युटी लिस्ट तर उद्याच लावायची. सोबत सीनियर दिली होती, म्हणून मी निर्धास्त होते. सव्वाआठला आयसीयूतून फोन आला आणि ती सीनियर तिकडे गेली. वॉर्डात राहिली ही, एक मावशी, एक मामा आणि 31 रुग्ण.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका धरलेली आहे, शिक्षण रुग्णालयात तीनमागे एक. हा हिशोब मुद्दाम इथे लिहिते. पुढे कागदाच्या आणि घड्याळाच्या गोष्टी येणार आहेत. त्या वाचून ‘मुलीने नीट नियोजन केलं की एकटीला 31 जमतात’ असा अर्थ कुणी काढला, तर माझं लिहिणं वाया गेलं.

पावणेनऊ ते सव्वाअकरा

वेळा जुळवायला केसपेपर पुरले नाहीत. रक्तपेढीची इश्यू स्लिप, वॉर्डातल्या फोनजवळची कॉल-बुकची वही आणि ग्लुकोमीटरची मेमरी, असं सगळं समोर घेऊन बसले. ग्लुकोमीटरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं हेही तेव्हाच कळलं. किती महिने तसं होतं, देव जाणे.

आठला ओव्हर झालं, म्हणजे संध्याकाळच्या पाळीने रात्रपाळीला रुग्ण आणि सामान सोपवलं. अठरा मिनिटांत 31 रुग्ण, म्हणजे माणशी पस्तीस सेकंद. त्यातला बराच वेळ मोजामोजीत गेला : बीपीची यंत्रं दोन, थर्मामीटर चार, कात्र्या चार, किडनी ट्रे सहा. संध्याकाळच्या सिस्टरने चौदा नंबरपाशी सांगितलं, “ह्यांची शुगर बघून इन्सुलिन द्यायचंय, जेवणाआधीचं राहिलंय.” चार्टवर संध्याकाळच्या रकान्यात लिहिलेलं होतं : ‘आहार दिला.’

साडेआठपर्यंत हिने सगळ्यांच्या इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळ्या, सलाईन सोडून फ्लश करून घेतल्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. 8:40 ला चौदा नंबरची शुगर 212. तिने विचारलं, “बाबा, जेवलात का?” बाबा म्हणाले, “पोरगं डबा घेऊन निघालंय, येईलच एवढ्यात.” रुग्णालयाचं जेवण पावणेसातला आलं होतं. किडनीमुळे बिनमिठाचं. बाबांनी ताट झाकून खाटेखाली सरकवून ठेवलं होतं. 8:45 ला तिने दहा युनिट रेग्युलर इन्सुलिन दिलं आणि कागदावर ‘जेवण?’ लिहिलं.

मग हाताशी जरा वेळ होता, म्हणून दहाची इंजेक्शनं भरून ठेवायला बसली.

9:10 ला कॅज्युअल्टीतून तीन नंबरवर नवा रुग्ण आला. बसूनच श्वास घेणारा, ओठ निळसर. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेत लाइन, लघवी वाढवणारं लॅसिक्स, लघवीसाठी कॅथेटर. ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला, “सर, तीन नंबरला खूप दम लागतोय.” तिकडून प्रश्न आले : बीपी किती, सॅच्युरेशन किती, युरिन झाली का. ती धावत खाटेपाशी, आकडे घेऊन पुन्हा फोनपाशी. कॉल-बुकमध्ये एकाच रुग्णासाठी सहा मिनिटांत तीन फोन.

9:35 ला मामा रक्ताची बॅग घेऊन आले, बावीस नंबरसाठी. पिशवी रक्तपेढीतून निघाली की अर्ध्या तासात सुरू करायची असते आणि चार तासांत संपवायची. ती खाली ठेवून दुसरं काम करता येत नाही. इंटर्न डॉक्टरांना बोलावून दोघांनी बॅगचा नंबर, गट, नाव ताडून पाहिलं. 9:40 ला रक्त सुरू झालं आणि पहिली पंधरा मिनिटं ती नियमाप्रमाणे खाटेपाशी उभी राहिली. नियम बरोबरच आहे, रिॲक्शन यायची तर बहुधा त्याच वेळात येते.

दहा वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शनं सुरू केली. तेरा रुग्ण. मध्ये तीन नंबरकडे दोन फेऱ्या, एका आजोबांना पॉट, एका नातेवाइकाशी पंख्यावरून वाद.

अकरा दहाला मावशी आल्या. “सिस्टर, चौदा नंबरचे बाबा घामाने भिजलेत, काहीतरीच बोलतायत.”

मुलाच्या गाडीचं चाक वाटेत पंक्चर झालं होतं. डबा आलाच नव्हता.

शुगर 38. मावशींनी साखरेची वाटी आणली होती. हिने त्यांना थांबवलं, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते फुप्फुसात जायचं. डोकं ठिकाणावर होतं तिचं. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन हवं हेही लगेच आठवलं. इमर्जन्सी ट्रेकडे गेली, तर डेक्स्ट्रोजची जागा रिकामी. औषधांचं कपाट उघडलं. सलाईनच्या फळीवर नाही. फ्रीजमध्ये नाही. शेजारच्या वॉर्डात मामांना पळवलं. शेवटी सापडलं ते आमच्याच कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, मेट्रोनिडाझोलच्या बाटल्यांमागे. दोन्ही बाटल्या 100 मिलीच्या, आकार तोच. या शोधात सात मिनिटं गेली.

लाइन मात्र चालू होती, कारण साडेआठला फ्लश केलेली. 11:19 ला डेक्स्ट्रोज सुरू झालं. 11:35 ला शुगर 164, आणि बाबा विचारत होते, “पोरगं आलं का?” डॉक्टर आले, 10 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज लावलं आणि सकाळपर्यंत तासातासाला शुगर बघायला सांगितली. किडनी अधू असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकून राहतं, एकदा शुगर वर आली म्हणून विषय संपत नाही. पावणेबाराला मुलगा आला, डब्यात भाकरी आणि गवारीची भाजी घेऊन.

आधी संशय भलत्याच ठिकाणी

सकाळी सगळ्यांच्या मनात एकच आलं : सिरिंज चुकली असणार. याला कारण आहे. सरकारी पुरवठ्यात आमच्याकडे इन्सुलिनची बाटली येते ती एका मिलीत 40 युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून आणतात ती सिरिंज कधी नारिंगी टोपणाची निघते, 100 युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची. 100 च्या बाटलीला लाल सिरिंज लावली आणि दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर जातात पंचवीस युनिट. अडीच पट. उलट केलं तर दहाच्या जागी चारच. नव्या मुलींना हे शाळेत शिकवलेलं असतं, पण रात्री दोन्ही रंगांच्या सिरिंज एकाच ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतील तर शिकवलेलं किती उपयोगी पडणार?

ड्रॉवर उघडला. दोन्ही रंग खरंच एकत्र होते. पण ट्रेच्या कडेला पडलेलं टोपण लाल होतं आणि फ्रीजमधली उघडलेली बाटली 40 ची. मात्रा बरोबर होती, रुग्ण बरोबर होता, मार्ग बरोबर होता. हात कुठेच चुकला नव्हता. रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. पावणेनऊला दिलेलं अकराच्या सुमाराला शिखरावर. त्याने त्याचं काम चोख केलं, फक्त पोटात अन्न नव्हतं.

(त्या दिवशी नारिंगी सिरिंज वेगळ्या डब्यात गेल्या. ते माझं काम होतं आणि मी ते पुढे ढकललं होतं.)

‘दिलं’ आणि ‘खाल्लं’

मग चार्ट. ‘आहार दिला’ ही नोंद खोटी नाही. ताट दिलं होतं. आमच्या नोंदींत सगळीकडे ‘दिलं’च असतं : गोळ्या दिल्या, आहार दिला, पाणी दिलं. रुग्णाने घेतलं की नाही याला रकाना नाही. ओव्हरमध्ये आम्ही चार कात्र्या रोज तीनदा मोजतो, कारण कात्री हरवली तर ती भरून द्यावी लागते. बाबांच्या खाटेखालचं झाकलेलं ताट दोन शिफ्टच्या तीन बायकांच्या पायाशी होतं. ते मोजायची कुणावरच जबाबदारी नव्हती.

कागद

तिसऱ्या दिवशी तिला शांतपणे बसवून विचारलं, “अगं, तू ‘जेवण?’ लिहिलं होतंस. म्हणजे तुला शंका होती.”

“हो सिस्टर. मी नऊला परत बघणार होते.”

“मग नऊ कुठे लिहिलंय?”

तिने कागद उलटसुलट पाहिला. नऊ कुठेच नव्हतं.

इथे मला उलगडा झाला. तिचा कागद खाटांच्या क्रमाने होता. एक, दोन, तीन. आपण सगळ्याच जणी असा कागद करतो, कॉलेजमध्ये तसाच शिकवतात, आणि ओव्हर घेताना तो उत्तम चालतो कारण ओव्हर खाटांच्या क्रमाने होतं. पण रात्र खाटांच्या क्रमाने येत नाही. रात्र घड्याळाने येते. नऊ वाजता तो कागद तिला काहीच सांगू शकत नव्हता. नऊला काय आहे हे कळायला तिने 31 ओळी वाचायला हव्या होत्या, आणि 9:10 ला तर तीन नंबर आला.

म्हणजे ‘नऊला परत बघायचं’ हे फक्त तिच्या डोक्यात होतं. अनुभवी सिस्टरच्या डोक्यात अशा वीस गोष्टी आपोआप राहतात. तिला दम लागलेला रुग्ण नवा नसतो, तिचे हात आपले आपण चालतात आणि डोकं मोकळं राहतं. नव्या मुलीचं अख्खं डोकं कॅथेटर घालण्यात गुंततं. त्या वीस मिनिटांत डोक्यातलं जे होतं ते सांडतं. हा बुद्धीचा प्रश्न नाही. दोन वर्षांनी तिचंही होईल. प्रश्न आहे तोवरच्या रात्रींचा.

कामाला शेपूट असतं, असं मी आता मुलींना सांगते. इन्सुलिन टोचणं हे डोकं, जेवले की नाही हे शेपूट. तापाची गोळी दिली, तासाने ताप बघणं हे शेपूट. लॅसिक्सचं शेपूट युरिन बॅग. चार्टवर सही होते ती डोक्यापुढे. शेपटाला सही नाही, म्हणून ते निसटतं.

उलटलेली तयारी

एक गोष्ट तिच्या खुलाशात नव्हती, मला तिच्या तोंडूनच कळली. नऊच्या आधी तिने दहाची इंजेक्शनं भरून ठेवली होती. अकरा सिरिंज, ओळीने, प्रत्येकीला प्लास्टरचा तुकडा आणि त्यावर खाटेचा नंबर. त्यातल्या दोन सिरिंजचं प्लास्टर गळून पडलेलं. एकीत पिवळसर द्रव, म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोन असावं. दुसरीतलं पाण्यासारखं, ते पॅन्टोप्राझोल असेल किंवा नुसतं फ्लशचं सलाईनही. तिने त्या दोन्ही रात्रीच फेकून दिल्या, नव्या भरल्या आणि मला सकाळी घाबरत सांगितलं की दोन डोस वाया गेले. मी म्हटलं, तू त्या रात्री केलेल्या सगळ्या कामांत हे मला सर्वांत आवडलं.

पण मुळात त्या भरल्याच का? “आधी तयार असलं की गडबड होत नाही,” ती म्हणाली. तयारी म्हणजे पुढचं काम आत्ता उरकणं, असा तिचा समज. औषध मात्र खाटेशी जाऊन, नाव विचारून, त्याच माणसासाठी भरायचं असतं. आधी भरायचं नाहीच. आधी करायचं ते एवढंच : वायल, पाणी, सिरिंज, स्वॅब ट्रॉलीत लावून ठेवणं. त्या वीस मिनिटांत ती चौदा नंबरला एक चक्कर मारू शकली असती. तिच्याकडे वेळ होता, तो चुकीच्या तयारीत गेला. तिला हे सगळ्यात जास्त लागलं.

सात मिनिटं माझी

डेक्स्ट्रोजचं काय? ट्रेमधल्या दोन बाटल्या त्याच दुपारी दुसऱ्या रुग्णाला वापरल्या होत्या. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लिहिलेलं होतं, स्टोअरमधून यायचं होतं. कपाटातली शिल्लक कुठे आहे ते मला माहीत होतं. मला. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी तो वॉर्ड डोळे मिटून चालवते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. रात्री दोन वाजता घरी फोन आला तरी मी झोपेत सांगते, “तिसऱ्या फळीवर, डावीकडे.” ही माझी हुशारी नाही, वॉर्डची लबाडी आहे, हे त्या सकाळी जाणवलं. जे फक्त इनचार्जच्या डोक्यात आहे, ते रात्री वॉर्डात नसतंच.

म्हणून अधिसेविका मॅडमकडे, म्हणजे मेट्रनकडे, खुलासा गेला तेव्हा मी त्याला माझं एक पान जोडलं. तिच्या पहिल्या मसुद्यात होतं, ‘माझ्याकडून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व, पुन्हा असे होणार नाही.’ आमच्याकडचे सगळे खुलासे असेच असतात आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. मी तिला तो फाडायला लावला. नुसत्या वेळा लिही म्हटलं. 8:45, 9:10, 9:35, 11:10, 11:19. मॅडमनी दोनदा वाचला आणि विचारलं, “सव्वाआठला सीनियर कुणी हलवली?” मेमो निघाला नाही. त्या प्रश्नाचं लेखी उत्तर मात्र अजून यायचंय.

पट्टी

पुढच्या तीन आठवड्यांत तिने आणि मी काय काय करून पाहिलं, तेही सांगते.

मोबाईलचे अलार्म पहिल्याच रात्री बाद. ग्लव्ह्ज घातलेल्या हाताने खिशातला फोन बंद करता येत नाही, रुग्ण उठतात, आणि एका नातेवाइकाने तोंडावर म्हटलं, “सिस्टर सारख्या मोबाईलवर असतात.” चार रंगांची पेनं तिसऱ्या रात्रीपर्यंत हरवली. कुणी तरी नेटवरून छापून आणलेला एक तक्ता दिला. दोन पानं, एका रुग्णाला चोवीस रकाने. तो भरायलाच वेगळी सिस्टर लागेल.

टिकली ती एक पट्टी. खाटांचा कागद तसाच ठेवायचा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला डाव्या कडेने वरून खाली आठ ते आठ तास लिहायचे. प्रत्येक तासापुढे फक्त खाटेचा नंबर, गोलात, आणि एक शब्द. काम झालं की गोलावर तिरकी रेघ. सुरू केलं पण सोडून जावं लागलं, तर गोलाशेजारी ठिपका. ठिपके दिसले की कळतं, आपण कुठे कुठे अर्धं टाकून आलो.

नियम एकच : डोकं केलं की त्याच क्षणी, तिथेच उभं राहून, शेपूट पट्टीवर टाकायचं. बावीसचं रक्त 9:40 ला सुरू झालं की तेव्हाच 9:55, 10:40, 11:40, 12:40 या जागी बावीस लिहून टाकायचे आणि 1:40 ला ‘संपलंच पाहिजे’. सलाईनचंही तसंच. 500 मिली सहा तासांत द्यायची, सेट वीस थेंबांचा (एका मिलीला वीस थेंब), तर मिनिटाला साधारण 28 थेंब. नऊला लावली तर तीनला संपेल. पट्टीवर लिहायचं अडीच. तीन लिहिलं की आपण सव्वातीनला पोहोचतो, तोवर नळीत रक्त चढून लाइन ब्लॉक झालेली असते आणि पहाटे चारला त्या माणसाला नवी सुई.

फोनचंही एक ठरवलं. डॉक्टरांना फोन लावण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात चार आकडे हवेत : नाडी, बीपी, सॅच्युरेशन, युरिन, शुगरचा रुग्ण असेल तर शुगरही. मग खाट, कशासाठी ॲडमिट, आत्ता काय झालं, तुम्ही यायला हवं की ऑर्डर हवी. याला एसबार म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून ही रीत रुग्णालयांत आली. आमच्या मावशींना पाणबुडी ठाऊक नाही, पण ‘चौदा नंबर, घाम, असंबद्ध’ हा त्यांचा निरोप त्या रात्रीचा सगळ्यात नीट दिलेला निरोप होता.

आणि ओव्हरनंतरची पहिली दहा मिनिटं. कात्र्या मोजायच्या त्या मोजा, पण त्याआधी हाताने बघायचं : सक्शन मशीन ओढतंय का, हाताने दाबून श्वास द्यायच्या अंबू बॅगला मास्क आहे का, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब पेटतो का, ऑक्सिजन सिलेंडरची चावी सिलेंडरलाच बांधलेली आहे ना, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या किती, ट्रेमध्ये 25 टक्के डेक्स्ट्रोजच्या दोन बाटल्या आहेत का. नसतील तर रजिस्टरमध्ये लिहून संध्याकाळच्या सिस्टरला तिथेच थांबवायचं. नव्या मुलीला हे थांबवणं जड जातं. सीनियरची बस चुकते, ती कपाळाला आठ्या घालते. म्हणून मी ओव्हर बुकवर माझ्या सहीने सूचना लिहिली, म्हणजे राग आला तर तो माझ्यावर यावा.

कपाटाच्या दाराला आतून कोणती वस्तू कुठल्या फळीवर याची यादी चिकटवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. लिहायला चाळीस मिनिटं लागली.

नऊ नंबर

सहाव्या आठवड्यात तिची पुन्हा नाइट. या वेळी सोबत सीनियर जागेवर होती. नऊ नंबरला शुगर 240, रात्रीचं इन्सुलिन, आणि डबा घरून यायचा. सकाळी मी पट्टी मागून घेतली. आठच्या पुढे : ‘9 शुगर’, रेघ. साडेआठपुढे : ‘9 थांबवलं, डबा नाही, सरांना सांगितलं’. नऊपुढे : ‘9 डबा?’, ठिपका. सव्वानऊपुढे पुन्हा ‘9 डबा?’, रेघ. 9:20 : ‘9 इन्सुलिन’. 9:50 : ‘9 जेवण’, रेघ. 11:30 : ‘9 शुगर 156’.

प्रश्नचिन्हं अजून होती. त्यांच्या डावीकडे वेळ होती.

सकाळच्या ओव्हरला तिने सांगितलं, “नऊ नंबर, इन्सुलिन नऊ वीसला, दीड भाकरी आणि वरण खाल्लं, भात ठेवला.”

सकाळची सिस्टर हसली. “भाकऱ्यापण मोजायच्या का आता?”

त्या आठवड्यात मी ओव्हर बुकमध्ये फूटपट्टीने एक रेघ मारून ‘खाल्लं’ असा रकाना वाढवला. ती वही पावसाळ्याच्या शेवटी भरली. स्टोअरमधून नवी आली ती जुन्याच छपाईची, ‘आहार दिला’वाली. आता दर महिन्याच्या एक तारखेला रात्रपाळीतली सगळ्यात नवी मुलगी पुढच्या तीस पानांवर रेघा मारून ठेवते.